थोरलीची फांदी

३ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी चार वाजून वीस मिनिटं ते पावणेपाच. एवढ्या वेळात माझ्या घरात, माझ्या टाकीत, मला न विचारता हात घालण्यात आला आणि थोरलीची एक फांदी कापून नेण्यात आली. वेळ अंदाजाची नाही. यांनी स्वतः कबूल केली आहे.

मी चष्मेवाल्याकडे गेले होते. पाचला परत आले. नव्या चष्म्यातून घरात पहिली गोष्ट दिसली ती ही — थोरलीने सगळी तोंडं आत ओढून घेतलेली आणि डाव्या अंगाला पेन्सिलीच्या जाडीचं पांढरंशुभ्र वर्तुळ. ताजं. आतलं हाड दिसत होतं.

हे पेपर वाचत होते. उलटा नव्हता, एवढंच.

"जावई येऊन गेले," म्हणाले. "त्यांच्या आईसाठी एक लहानशी फांदी. तू रागावू नकोस."

रागावू नकोस हे आधी सांगणारा माणूस काहीतरी करून बसलेला असतो. एकतीस वर्षं पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढली आहेत मी. नमुना बाटलीत येण्याआधी वासावरून कळायचं. विचारल्यावर एकेक बाहेर आलं. कात्री माझीच. हातमोजे माझेच. आणि टॉवेल धरून उभे कोण, तर हे!

कागदोपत्री राहावं म्हणून लिहिते. सहा वर्षांपूर्वी खारटच्या समुद्री माशांच्या दुकानातून अंगठ्याएवढा तुकडा आणला होता. दगडी जातीचं प्रवाळ, झुडपासारखं फांद्या फुटणारं. खारट तेव्हा म्हणाला होता, "मॅडम, हे नवशिक्याचं काम नाही, आधी सोपं काहीतरी पाळा." आज तीच थोरली दोन वितींची आहे. तेवीस फांद्या. आजपासून बावीस.

जावयाला काही बोलता येत नाही. तो जावई आहे. पण त्याच्या आईला लिहिता येतं.

४ फेब्रुवारी

विहीणबाईंना पत्र लिहायला बसले. 'स.न.वि.वि.' लिहिलं आणि पहिल्याच अक्षरावर अडले. सप्रेम? नुसतं 'न.वि.वि.' लिहिलं तर त्यांच्या लक्षात यायचं नाही. फाडलं.

८ फेब्रुवारी, रविवार

त्यांचाच फोन आला. मी ओळी मनात जुळवून ठेवल्या होत्या. एकही वापरू दिली नाही बाईंनी.

"अहो, काय सांगू तुम्हाला! एवढं जिवापाड वाढवलेलं, आणि एका शब्दावर फांदी काढून दिलीत. माझी तर मागायची हिंमतच नव्हती. मोठ्या मनाच्या आहात हो."

"एका शब्दावर?" मी म्हटलं.

"हो ना. मी तिचं नाव राणी ठेवलंय."

मग माझी कोण, दासी? पण मोठ्या मनाचा शिक्का एकदा बसल्यावर माणसाने काय बोलायचं! "जपा," म्हणाले आणि फोन ठेवला. इतकी सफाई आमच्या शाळेच्या मदर सुपीरियरमध्येही नव्हती. त्या निदान शिक्षा करताना हसत तरी नसत.

हे शेजारी बसून शेंगा सोलत होते. मान वर केली नाही.

१ मार्च, रविवार

जखम भरली. पांढऱ्यावर कातडी चढली, तपकिरी.

लेक म्हणते, तिकडची फांदी अजून तशीच आहे, वाढ नाही. बरं वाटलं. मेली तर आणखी बरं वाटेल का? वाटेल, असं वाटतं.

शाळेत कॅथलिक मुलींना दर शुक्रवारी फादरसमोर जाऊन बोलून मोकळं होता यायचं. आम्हा बाकीच्यांना सिस्टर सांगायच्या, "तुम्ही वहीत लिहा." म्हणून लिहिते. मोकळं काही होत नाही.

२२ मार्च, रविवार

घरच्या ग्रुपवर फोटो आला. जावयाने टाकला. खाली तीन शब्द — 'राणी रंगात आली.'

फांदीला टोकाशी जांभळा रंग. खाली उतरत आकाशी. बुंध्याशी हिरवट झाक, ओल्या पानासारखी. माझ्या टाकीत सहा वर्षं जिचा रंग तपकिरी होता, त्याच आईची ही लेक.

मी थोरलीच्या रंगाला आजवर मधाचा रंग म्हणत आले. आज फोटो आणि टाकी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. तंबाखूचा आहे.

हे दोन बोटांनी फोटो मोठा करून बघत बसले. "काय गं सुंदर दिसतेय! कसं काय जमवलं असेल त्यांनी?"

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. माझ्या कुठल्या गोष्टीकडे दोन बोटं लावून पाहिलेलं आठवत नाही.

लेकीने खाली सात बदाम टाकले. मोजले मी.

२४ मार्च

खारटकडे गेले. खरं नाव वेगळं आहे त्याचं, पण समुद्राच्या पाण्याचं दुकान आणि जीभ तशीच, म्हणून मी ठेवलेलं नाव. समोरही तेच म्हणते, त्याला चालतं.

"तपकिरी म्हणजे खाऊनपिऊन सुखी," म्हणाला. "प्रवाळाच्या कातडीत शेवाळ राहतं, मॅडम. पाण्यात खत जास्त, तर शेवाळ जास्त, तर रंग तपकिरी. खत कमी झालं की आतला रंग वर येतो. तुमची तब्येतीने उत्तम आहे. रंगाच्या नादी लागू नका."

"म्हणजे त्या तिला उपाशी ठेवतात."

"उपाशी नाही. हलकं जेवण."

"मग मीही हलकं देईन."

"द्या. पण एका दमात नको." आणि मग तोंड वाकडं करून, "कुणाची जिरवायचीय?"

मी मीठ न घेताच निघाले. मिठासाठीच गेले होते.

५ एप्रिल, रविवार

लेकीकडे जेवायला बोलावलं होतं. लेकीकडे म्हणजे विहीणबाईंकडे. घर त्यांचं, लेक माझी.

टाकी जिन्याखाली, दीड हात लांबीची. समोर दोन बुटके स्टूल. दोन का, ते नंतर कळलं. विहीणबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या आहेत, गुडघे गेलेले, बसताना "आई गं" आणि उठताना "आई गं". एका स्टुलावर त्या बसल्या आणि दुसऱ्यावर माझी लेक. तिने बाह्या सरसावल्या, ब्रश घेतला आणि काच घासायला लागली. माझी लेक! माझ्या टाकीत तिने कधी करंगळी बुडवली नाही.

"रोज दहा मिनिटं आम्ही दोघी," विहीणबाई म्हणाल्या. "काम कमी, गप्पाच जास्त."

राणी प्रत्यक्षात फोटोपेक्षा सुंदर आहे. हे लिहायला पाच मिनिटं लागली.

लेक मधेच म्हणाली, "आई, जरा तो नॅपकिन द्या ना." मी उठले. नॅपकिन विहीणबाईंच्या हातात होता, त्यांनीच दिला. 'द्या' म्हणाली होती, हे उठल्यावर लक्षात आलं. मला ती 'दे' म्हणते. मी उठलेच होते म्हणून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, बाहेर बघत. बाहेर भिंत होती.

जेवणानंतर त्या चहा करायला गेल्या, लेक कपडे काढायला गच्चीवर, हे आणि जावई बाहेर गाडीच्या टायरला लाथा मारत उभे. मी एकटी. टाकीखालचं कपाट अर्धवट उघडं होतं आणि आत एक चौकटीच्या कव्हरची वही.

वाचली. होय, वाचली. दुसऱ्याच्या टाकीत हात घालण्यापेक्षा वहीत डोळे घालणं बरं.

डाव्या पानावर रकाने. तारीख, फॉस्फेट आणि नायट्रेट (खारट म्हणाला तीच खतं), माशांना खाणं किती. फॉस्फेट ०.०३, पुन्हा ०.०३, ०.०४. माझ्याकडे ०.१६ असतं. नायट्रेट माझ्या दहाव्या हिश्श्याला. खाणं दिवसाआड. म्हणजे खारट बरोबर बोलला.

उजव्या पानावर नजर नेणार तेवढ्यात कपांचा आवाज आला. वही ठेवली, कपाट होतं तेवढंच उघडं ठेवलं.

एक गोष्ट लिहायची राहिली. अक्षर लेकीचं होतं. रकाने लाल शाईने आखलेले, तारखेखाली दुहेरी रेघ. प्रयोगशाळेत मी आखायचे तसे. मी तिला कधी शिकवलं नव्हतं.

६ एप्रिल

फॉस्फेट शोषणारे पांढरे खडे आणले, नेहमीच्या दुप्पट. माशांचं खाणं निम्मं. पाण्यातली घाण फेसात ओढून काढणारं यंत्र पूर्ण जोरावर.

खारटला काही सांगितलं नाही. "पुन्हा कुणाची जिरवायचीय?" ऐकायला मी मोकळी नाही.

१२ एप्रिल, रविवार

हे म्हणाले, "मासे माझ्याकडे आशेने बघतात." म्हटलं, मीही बघायचे, सवय होते.

१९ एप्रिल, रविवार

०.०४. तेरा दिवसांत ०.१६ वरून ०.०४. त्यांना जे जमायला दोन महिने लागले ते मी तेरा दिवसांत केलं. शिक्षणाचा उपयोग होतो.

२६ एप्रिल, रविवार

रंग आला!

सकाळी दिवे लागले आणि मी चहा तसाच सोडून उभी राहिले. टोकांना जांभळी झाक. तपकिरी विरळ होऊन खालून निळं डोकावतंय. बावीस फांद्या, आणि बावीसही.

फोटो काढून ग्रुपवर टाकला. तीन शब्द मीही लिहू शकते — 'थोरलीही रंगात आली बरं.' चार झाले.

पहिलं उत्तर विहीणबाईंचं. "अय्या! तुमची तर आमच्या राणीपेक्षा सुंदर! मोठी ती मोठीच." यात खोच शोधत मी अर्धा तास घालवला. सापडली नाही. मग त्याचाच राग आला.

लेकीने एक अंगठा टाकला. बदाम नाही.

३० एप्रिल

पाण्याची पूर्ण तपासणी केली. केएच साडेअकरा, सहा वर्षं जसा ठेवला तसा. केएच म्हणजे प्रवाळाला हाड बांधायला लागणारा क्षार. नळीत थेंब थेंब टाकायचा, निळ्याचं पिवळं झालं की थेंब मोजायचे. पुष्कळ लोक आठ-नऊवर समाधान मानतात. मी नाही. लेकराच्या हाडांत कसर कशाला? खाणं हलकं केलं, पण हाडाला काही कमी पडू दिलं नाही. हे विहीणबाईंना सुचलं नसणार.

९ मे

फांद्यांची टोकं पांढरी झाली आहेत. वाढ! वाढती टोकं पांढरीच असतात, हे कुठल्याही पुस्तकात आहे. महिन्याभरात ती राणी माझ्या थोरलीच्या सावलीत उभी करता येईल.

यांना दाखवलं. "पांढरं चांगलं असतं का?" विचारलं. टॉवेल धरण्यापलीकडे काही कळत नाही या माणसाला.

१७ मे, रविवार

सगळी आली होती. विहीणबाई गुडघ्यामुळे आल्या नाहीत. डबा पाठवला होता, तो मी सरळ ओट्यावर ठेवला.

जावई टाकीसमोर वाकला. बराच वेळ वाकलेलाच. मग हळूच म्हणाला, "आई, टोकं जळल्यासारखी वाटताहेत का हो?"

तीन महिने जिभेखाली धरलेलं सुटलं. म्हटलं, "कापून नेताना बरी नीट दिसली तुम्हाला टोकं! तेव्हा विचारायचं सुचलं नाही?"

जावयाचा चेहरा उतरला. माझ्याकडे नाही, यांच्याकडे बघत म्हणाला, "पण बाबा, तुम्ही म्हणालात की त्यांना विचारलंय. त्या आनंदाने हो म्हणाल्या."

हे शेंगा शोधायला लागले. शेंगा नव्हत्या.

"तू नाही म्हणाली असतीस," म्हणाले शेवटी.

"अर्थात म्हणाले असते!"

"म्हणून."

म्हणजे एका शब्दावर दिली ती यांनी, माझ्या शब्दावर. तीन महिने मी त्या बाईंवर दात धरून आहे, आणि त्यांना वाटतंय मी देवमाणूस.

यावर लेक हसली असती तर मी सहन केलं असतं. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा खोटं बोलले ते चुकलंच. पण आई, तुझ्याकडे मागायचं कसं? लग्नाआधी दोन वर्षं मी या टाकीसमोर बसून चहा प्यायले. तू एकदाही ब्रश हातात दिला नाहीस. इथे यायचं म्हणजे तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

"तू कधी मागितलास ब्रश?"

"मागितला होता."

मला आठवत नाही. ती म्हणते दोनदा.

"आणि त्यांनी काय न मागता दिला?"

"त्यांनी स्टूल आणला," लेक म्हणाली.

चहा न घेता गेली. जावई दारात मागे वळून "येतो, आई" म्हणाला. रीतीचा आहे पोरगा. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

यांच्याशी बोलणं बंद.

१८ मे

बोलणं बंद. मीठ कुठे ठेवलं आहे एवढंच विचारलं.

२८ मे, गुरुवार

थोरलीच्या बुंध्याशी पांढरं.

आधी वाटलं उजेड पडलाय. हात सावलीला धरला, पांढरंच. वर बघितलं तर कातडी सुटून पाण्यात लोंबतेय, चिंधीसारखी. प्रवाहात हलत होती. खाली नुसतं हाड.

खारटला फोन केला. पहिल्यांदाच तो काही खारट न बोलता लगेच आला. पायरीवर चपला काढतानाच विचारलं, "केएच किती?"

"साडेअकरा."

"आणि फॉस्फेट?"

"०.०२."

तो सोफ्यावर बसला. न विचारता बसला.

"मॅडम, एवढा केएच भरल्या पोटाला चालतो. उपाशी पोटाला जाळतो. हाड धावत सुटतं, कातडीला वाढायला काही नसतं. आधी टोकं जळतात. पांढरी टोकं दिसली नाहीत का?"

दिसली. वाढ म्हणून यांना दाखवली होती मी.

"रंग काढायचा तर केएच सात-आठवर आणतात. दोन्ही एकत्र खाली. तुम्हाला हे कुणी अर्धंच सांगितलं?"

मी म्हटलं, कुणी नाही. खरंच आहे. कुणी सांगितलं नव्हतं. उजवं पान मी वाचलंच नाही.

एकतीस वर्षं दुसऱ्यांचं पाणी पास-नापास केलं मी. हाताखालच्या पोरींना बजावायचे, एका आकड्यावरून पाण्याबद्दल बोलायचं नाही, सगळे आकडे आल्याशिवाय सही करायची नाही. आणि स्वतःच्या घरात, एका चोरलेल्या पानावर सही करून बसले.

"आता?"

"इथलं पाणी हळूहळूच बदलता येईल. घाई केली तर उरलेलंही जाईल. आणि हे रोज बोटभर वर चढतंय. कातडी जिवंत आहे तिथून वर कापा, आणि तुकडे दुसऱ्या टाकीत हलवा. मुरलेली, शांत टाकी हवी."

"तुमच्या दुकानात ठेवा."

"माझ्याकडे रोज नवा माल, रोज नवे रोग. नको. तुमच्या विहीणबाई आहेत ना. मागच्या आठवड्यात सूनबाई पाणी तपासून घ्यायला आल्या होत्या. सोन्यासारखं पाणी."

"दुसरी टाकी सांगा."

त्याने माझ्याकडे बघितलं. "दुसरी नाही," म्हणाला.

२९ मे

बोटभर.

यांनी फोन माझ्यासमोर आणून ठेवला. मी उचलून चार्जिंगला लावला.

३० मे, शनिवार

आणखी बोटभर. चौदा फांद्या उरल्या आहेत, त्यातल्या तिघींचा भरवसा नाही.

आज दिवसभर टाकीसमोर बसले. एक खरं लिहायचं तर, रंग अजूनही आहे. टोकं जळलेली, बूड गेलेलं, पण मधे अजून तो जांभळा आहे, राणीहून गडद. असाच मला हवा होता. आता बघवत नाही आणि उठवतही नाही.

हे मागे येऊन उभे राहिले. "माझीही चूक आहे," म्हणाले. "तुला विचारायला हवं होतं. तू नाही म्हणालीस तरी."

"मी नाही म्हणालेच असते."

"माहीत आहे. आणि ती फांदी इथे असती तर ती पण आज गेली असती."

हे मलाही सुचलं होतं, कालपासून. पण यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. म्हटलं, "खुर्ची आणा आणि बसा." बसले. बोलणं कधी सुरू झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

३१ मे, रविवार, दुपारी बारा

कापली.

टॉवेल यांनी धरला. कात्री मी. जिवंत कातडी सुरू होते तिथून अर्धं बोट वर, एकेक. आवाज येतो, वाळलेली काडी मोडावी तसा, पण पाण्याखाली, त्यामुळे कानापेक्षा हातालाच जास्त कळतो. पहिल्या फांदीला माझा हात थांबला. हे म्हणाले, "मी करू?" म्हटलं, "तुम्ही टॉवेल धरा, त्यात तुमचा हातखंडा आहे." हसले. मग झालं.

अकरा तुकडे. अकराही डब्यात, त्यांच्याच पाण्यात, हवेची नळी लावून. थोरलीच्या जागी दगडावर एक पांढरं झुडूप उभं आहे. मासे त्याच्याकडे फिरकत नाहीत.

विहीणबाईंना पत्र लिहायला बसले. या वेळी 'स.न.वि.वि.' सरळ आलं. पण पुढे लिहिताना कळलं, पत्र त्यांना नाहीच.

३१ मे, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं

यांच्या हाती डब्यासोबत पाठवलेल्या चिठ्ठीची ही नक्कल.

'चि. सौ. लेकीस, अनेक आशीर्वाद.

डब्यात अकरा तुकडे आहेत. थोरलीचे. थोरली गेली. ५ एप्रिलला दुपारी तुम्ही सगळे खोलीबाहेर असताना मी तुमच्या कपाटातली वही काढून वाचली, डावं पान तेवढं. त्या अर्ध्या माहितीवर मी जे केलं त्याने ती गेली. हे तुझ्या सासूबाईंना वाचून दाखव. तुकडे ठेवायचे की नाही ते त्यांनी ठरवायचं आहे, आणि नाही म्हणायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

हो म्हणाल्या तर डब्यातलं पाणी तुमच्या पाण्याशी हळूहळू जुळवावं लागेल. त्यासाठी उजव्या पानावरचा केएच मला कळायला हवा. माझा साडेअकरा आहे. जुळवायला कुणीतरी चार तास डब्याजवळ बसायला लागेल. मी येऊन बसायला तयार आहे. स्टूल घेऊन येईन.

नवं पाणी मिळालं नाही तर बंद डब्यात तुकडे संध्याकाळी सहाच्या पुढे तग धरणार नाहीत. म्हणून आज दुपारी चारच्या आत उत्तर यावं. फोन नको. बाबा दारात थांबतील. लेखी उत्तर, तुझ्या अक्षरात.

— आई'